उसना दिलेला आवाज

पाटोद्याच्या बाजारपेठेत गुरुलिंगअण्णांचं कापडाचं दुकान आहे. खाली साड्या आणि धोतरजोड्या, वर माल ठेवायची खोली. त्या वरच्या खोलीत बसून भारत सानपने कितीतरी नोकऱ्या मिळवल्या. पुण्याच्या, हैदराबादच्या, बंगळुरूच्या. पगाराचा आकडा ऐकून माणसाने पुन्हा विचारावं, अशा एकेक. त्यातली एकही त्याची स्वतःची नव्हती.

हे ऐकून कोणी हळहळणार असेल तर जरा थांबा. हळहळण्यासारखं यात फार नाही. किळस यावी असं मात्र बरंच आहे, आणि ती सगळ्यात आधी भारतलाच आली.

भारतचे आईबाप, कडूबाई आणि हरिबा, दर दिवाळीनंतर ऊस तोडायला जाणारे. नवराबायको मिळून एक कोयता, अशी तिथली मोजणी. भारत बीडच्या कॉलेजातून कॉम्प्युटर इंजिनिअर होऊन बाहेर पडला त्याच वर्षी हरिबाचा पाय ट्रॉलीच्या चाकाखाली सापडला. मुकादमाला शब्द देऊन झालेला. कडूबाई एकटी म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कोणी घेत नाही. भारतने बायोडेटा पेटीत ठेवला आणि आईबरोबर ट्रकमध्ये चढला. दोन हंगाम असे गेले. फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, बसून तो मोबाईलवर प्रोग्रॅमिंग शिकत राहिला, कारण दुसरं काही करावंसं त्याला वाटतच नव्हतं.

मग मुलाखती सुरू झाल्या आणि प्रत्येक मुलाखत एकाच प्रश्नावर येऊन अडायला लागली. मधल्या दोन वर्षांत काय केलंत? ऊस तोडला, असं भारत सांगायचा. पलीकडे कोणीतरी हसू दाबल्यासारखं खोकायचं, आणि ‘कळवतो’ म्हणून फोन बंद. पुण्यात खोटी अनुभवपत्रं विकणारे बसलेत, तिथून एक आण, असं मित्रांनी सांगून पाहिलं. भारत म्हणाला, कागदावर खोटं लिहायला हात धजत नाही. पुढे तोंडाने बोलायला मात्र धजला, एवढाच फरक.

वीरेश हा गुरुलिंगअण्णांचा मुलगा. भारतच्याच वर्गातला. कॉलेजात त्याने प्रयोगशाळेपेक्षा कँटीन जास्त पाहिलेलं. एक दिवस तो भारतला वरच्या खोलीत घेऊन गेला.

“भारत्या, तुला सगळं येतंय पर तुला कुणी घेईना. मला काईच येत न्हाई, पर माझ्या कागदात गॅप न्हाई. तू बोल, मी बसतो. एकदा आत गेलो की तुला वढतोच बघ. आईशप्पथ.”

भारतला हवं होतं ते एवढंच, कोणीतरी आतून ओढणारं. तो हो म्हणाला.

खोली या कामाला झकास होती. चारी बाजूंनी कापडाचे गठ्ठे, आवाज जराही घुमत नसे. वीरेश इस्त्रीचा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर बसायचा, आणि लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा, माईक लावून भारत. प्रश्न आला की भारत बोट वर करायचा, आणि प्रत्येक उत्तर ‘सो, बेसिकली’ने सुरू करायचा, म्हणजे तेवढ्यात वीरेशचे ओठ हलायला लागायचे. पुढे वीरेश काहीही ऐकत नसे. भारतच्या ओठांवर डोळे लावून तो ते जसेच्या तसे उचलायचा, आणि पलीकडच्याला वाटायचं, काय नजरेला नजर देऊन बोलतोय पोरगा!

नोकरी लागली. भारत घरी गेला तेव्हा कडूबाई भाकरी थापत होती.

“लागली का रं?”

“लागली. वीरेशला.”

“मग तू कावून गेलतास?”

तो हातपाय धुवायला गेला आणि बराच वेळ धूत बसला.

चौकात वीरेशचं फ्लेक्स लागलं. अण्णांच्या दुकानापुढे फेटा बांधून सत्कार झाला. दोन शब्द बोला म्हटल्यावर वीरेश ‘सगळ्यांचे आभार’ एवढं पुटपुटून खाली बसला, तर लोक म्हणाले, पोरगं किती विनयी! पुढच्या रांगेत भारत बसलेला. गुरुलिंगअण्णांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि चारचौघांत म्हणाले, “शीक जरा वीरेशकडनं. एवढा शिकलास, घरी कावून बसलास?” या अण्णांनीच मुलाखतीच्या वेळी जिन्यात टपरीवरचा चहा आणून ठेवला होता आणि गिऱ्हाइकांना वर येऊ दिलं नव्हतं. सगळं माहीत असून माणूस इतक्या सरळ चेहऱ्याने बोलू शकतो, याची भारतला तेव्हा इतकी घाण वाटली की सत्काराचा पेढा त्याने तोंडातून काढून रुमालात टाकला.

तरी पुढच्या वेळी तो गेला. वीरेशचा शब्द होता ना. वीरेशने एकेक मित्र पाठवायला सुरुवात केली. परळीचा आला, लातूरचा आला, नांदेडचा एक तर आईला घेऊन आला. चार पैसे हातात येत होते हे खरं, आणि ते घेताना भारतचा हात आखडत नव्हता हेही खरं. वर्ष गेलं तशी त्याच्या आवाजाला बढतीच मिळत गेली. आधी नवख्या पोरांसाठी बोलायचा, मग अनुभवी लोकांसाठी बोलायला लागला. मधेच जरा खोकायचं, ‘माझ्या टीममध्ये’ म्हणायचं, उत्तराआधी दमल्यासारखा श्वास सोडायचा, हे त्याला साधलं. टीममधली भांडणं कशी सोडवता, असं एकाने विचारलं तेव्हा त्याने टोळीतली गोष्ट सांगितली. मुकादमाचा मॅनेजर केला, ट्रकचा प्रोजेक्ट केला, आणि पाण्याच्या टँकरवरून दोन बायकांची जुंपली होती त्यांचे दोन डेव्हलपर केले. साहेब खूश. समोरच्या पोराला थेट टीम लीड केलं. आपल्या तोंडाने ऊस तोडला म्हटलं की हसणारे हेच लोक!

पण समोरचे ओठ बघणं त्याला दिवसेंदिवस जड जायला लागलं. कोणाच्या ओठांना गुटख्याची कड, कोणाच्या कोपऱ्यात थुंकी साठलेली. आपण चावलेला घास दुसऱ्याच्या तोंडात फिरतोय असं त्याला वाटायचं. घरी आला की ताट पुढे सारायचा. कडूबाई विचारायची, “आज कुणाला लागली?” तिने ‘तुला लागली का’ विचारायचं कधी सोडलं, ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

तीन वर्षांत वीरेश सीनियर झाला. मीटिंगला कॅमेरा बंद, तोंड बंद, सगळ्यांचं बोलून झालं की चॅटवर अंगठा. एवढ्यावर भागत होतं. भारतचं नाव काढलं की म्हणायचा, “सध्या भरती बंद हाय बे, निघाली की पयलं तुझंच.” मग एक दिवस भारतनेच कंपनीच्या साइटवर जागा पाहिली. भरती महिनाभर चालूच होती. वीरेशला न सांगता त्याने अर्ज केला. गॅपच्या रकान्यात लिहिलं, ऊसतोड कामगार.

मुलाखत त्याने घरूनच दिली. समोर स्वतःचं तोंड, स्वतःचं नाव. सवयीने बोट वर गेलं ते त्याने खाली घेतलं. या वेळी मधल्या वर्षांवर कोणी हसलं नाही. उलट एका साहेबांनी टोळीचं काम कसं चालतं ते विचारलं, आणि भारतने मुकादमाला मुकादम म्हणूनच सांगितलं. मुलाखत संपल्यावर तो आईला म्हणाला, “या बारी लागंल वाटतंय.”

चार दिवसांनी एचआरच्या मोहिनी मॅडमचा फोन आला. हल्ली तोतये फार झालेत म्हणून कंपनी मुलाखतीतला आवाज जुन्या रेकॉर्डिंगशी ताडून पाहते, असं त्या म्हणाल्या. तुमचा आवाज आमच्याच एका माणसाच्या आवाजाशी तंतोतंत जुळतो, वीरेश गुरुलिंग यांच्या. तेही पाटोद्याचेच.

“मॅडम, तो आवाज माझा आहे.”

“आमच्या रेकॉर्डला तीन वर्षांपासून तो वीरेशचा आहे. तुम्ही त्यांना तुमच्या जागी बोलायला लावलंत. इतकी गरज होती तर थोडा अभ्यास करायचा होता.”

भारतला हसू येईना की रडू येईना. त्याच्यावर स्वतःचाच आवाज चोरल्याचा आळ आला होता. खरं सांगावं तर वीरेशबरोबर आपणही लबाड ठरतो, न सांगावं तर ठरलेलोच आहोत. तेवढ्यात मॅडमनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी वीरेश पुण्याहून गाडी घेऊन थेट भारतच्या दारात. चेहरा उतरलेला.

“कुणी सांगितलं होतं तुला अर्ज करायला? उद्या माझी चौकशी हाय, कॅमेऱ्यावर. तुझ्यासाठी मी बोललो म्हणत्यात! आता मी तोंड उघडलं तर आवाज जुळंना, मग सगळंच उघडं पडतंय. तूच बोल. म्हण, गावाकडच्या गरीब मित्राची दया आली, चूक झाली, माफ करा. निस्ती ताकीद देऊन सोडत्यात.”

भारतवर दया केल्याबद्दल वीरेशच्या नावाने माफी मागायची, आणि ती मागायची भारतने!

“आन माझं काय?”

“तुझं नाव तर गेलंच ना आता. माझं राहिलं तर पुढं तुझ्यासाठी काईतरी करता तर यील. आईशप्पथ.”

ती शपथ ऐकून भारतच्या तोंडाला आंबट पाणी सुटलं. पण तो येतो म्हणाला.

वरची खोली तशीच होती. तेच गठ्ठे, तोच इस्त्रीचा शर्ट. या वेळी गुरुलिंगअण्णा स्वतः दाराशी उभे. भारत जरा घुटमळला तसे ते दबक्या आवाजात म्हणाले, “बस ना. आवाजच द्यायचा हाय, नरडं कापून न्हाई मागितलं कुणी.” भारत लॅपटॉपच्या मागे बसला आणि माईक लावला.

पडद्यावर मोहिनी मॅडम आल्या. म्हणाल्या, वीरेश, त्या मुलाखतीत कोण बोललं, ते तुमच्या शब्दांत सांगा. ‘तुमच्या शब्दांत’ हे त्यांनी जरा जोर देऊन म्हटलं.

भारतने बोट वर केलं. वीरेशने त्याच्या ओठांवर डोळे लावले.

“सो, बेसिकली,” भारत म्हणाला, आणि वीरेशचे ओठ हलले. पुढचं इंग्रजी भारत सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलला. माझं नाव भारत हरिबा सानप. वीरेशचे ओठ भारत म्हणाले, हरिबा म्हणाले, सानपही म्हणाले. माझी आई कडूबाई. मी दोन वर्षं ऊस तोडला. तेही ओठांनी निमूटपणे उचललं, इतकी त्यांना सवय झाली होती. तीन वर्षांपूर्वी याच खोलीत बसून वीरेशची मुलाखत मी दिली, इथवर आल्यावर शब्दांचा अर्थ वीरेशच्या डोक्यात शिरला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. आवाज मात्र चालूच होता. त्याच्यानंतर मी आणखी पुष्कळांच्या दिल्या, पैसे घेऊन दिल्या, आणि परवाची मुलाखत माझी स्वतःची होती.

अण्णा लॅपटॉप मिटायला धावले. भारतने तो आधीच उचलून स्वतःकडे फिरवला होता.

मोहिनी मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, वीरेशचं काय करायचं ते कंपनी बघेल. तुम्ही मात्र इतकी माणसं खोटी आत घातलीत, तुम्हाला इथे कधीच घेता येणार नाही. भारतने मान हलवली. त्यांचं बरोबरच होतं, आणि आजवर मिळालेल्या सगळ्या होकारांत नव्हतं ते या नकारावर होतं, त्याचं नाव.

खाली उतरताना अण्णांच्या शिव्या जिनाभर मागे आल्या. वीरेशचा आवाज त्यांत नव्हता. दुकानापुढच्या नळावर भारतने खळखळून चूळ भरली आणि गटारात थुंकला. परत भरली, परत थुंकला.

कडूबाई अंगणात हरिबाच्या पायाला तेल लावत बसली होती. पोराचा चेहरा बघून आज कितीतरी दिवसांनी तिने जुना प्रश्न विचारला.

“लागली का रं?”

“न्हाई, माय. पर या बारी मीच गेलतो.”