वीस पावलांवरचे डॉक्टर

गुंडेराव डॉक्टरांनी जिवंत कैद्याला कधी हात लावला नाही. नळदुर्गाकडच्या आडगावांतल्या पोलीस ठाण्यांत फिरून हवालातीतल्या माणसांची प्रकृती तपासायची, हे त्यांचं सरकारी काम. निजामाचा अंमल होता. मी त्यांचा कंपाउंडर, म्हणजे बॅग धरणारा.

ठाण्यात त्यांची खुर्ची लिंबाखाली टाकली जायची, कोठडीच्या गजांपासून वीस पावलं लांब. कानात अत्तराचा फाया. जमादार नावं पुकारायचा, आतून "हाजिर" आलं की डॉक्टर वहीत "तब्येत ठीक" लिहायचे. "बोलतोय ना? मग बरा आहे. मेलेला हाजिर म्हणत नाही," हे त्यांचं वैद्यकशास्त्र. मग जेवणाची कोंबडी यायची. तिला मात्र दाबूनदुबून, डोळे उघडून बघायचे. मला किळस यायची त्या माणसाची.

एका फेरीला सिद्राम नावाचा मेंढपाळ आत होता, चोरीच्या संशयावरून. पायाची जखम चिघळून अंगात ताप भरलेला. त्याची बायको दारात बसून होती. मला म्हणाली, "साहेबास्नी म्हणावं, एकडाव आत जाऊन बगा. लई फणफणलेत. सकाळधरनं डोळं उघडलं न्हाईत." डॉक्टरांनी एक ओळ लिहिली असती, तर त्याला तालुक्याच्या दवाखान्यात हलवावंच लागलं असतं.

जमादारानं सिद्रामचं नाव पुकारलं. "हाजिर," आवाज आला. तो शेजारच्या कैद्याचा होता. कुणी गप्प राहिलं तर जमादार मागाहून सगळ्यांनाच झोडपायचा, म्हणून आजाऱ्याची हाजिरी दुसऱ्यानं द्यायची, ही तिथली रीत. मी डॉक्टरांच्या कानाशी लागलो, "साहेब, हा त्याचा आवाज नाही."

"तुला काय गाण्याच्या परीक्षेला आणलंय?" म्हणाले, आणि सही ठोकली. मी दौतीचं झाकण लावलं.

तिसऱ्या दिवशी सिद्राम मेला, आम्हाला परत बोलावणं आलं. तपासल्याशिवाय प्रेत नातेवाइकांना देता येत नाही, असा कायदा. तेव्हा कुठं आमचे डॉक्टर नाकाला रुमाल लावून गजांच्या आत शिरले. वाकले, मनगट धरलं, पापणी वर करून बघितली. सगळं अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. बायको दारातून बघत होती. रडली नाही.

"आता हात लावताय व्हय, साहेब?" एवढंच म्हणाली.

डॉक्टर बाहेर आले आणि मला म्हणाले, "साबण काढ."

मी काढला. त्यांच्या हातांवर पाणीही मीच ओतलं.