जॅकची कुळकथा

जितेंद्र दहावीला इंग्रजीत नापास झाला त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पण त्याचे वडील काशिनाथराव काही ते विसरायला तयार नव्हते. स्वतः सचिवालयात इंग्रजी टायपिस्ट, राजधानी हलली तेव्हा नागपूरहून कचेऱ्यांबरोबर भोपाळला आलेले. मुलाला रोज पाच शब्दांचे अर्थ विचारायचे आणि चुकला की कान पिळायचे. पोरगा अखेर भोपाळच्याच अशोका गार्डन वस्तीत गॅरेज टाकून बसला आणि बापलेकातलं इंग्रजी संपलं.

म्हणजे बापाला तसं वाटत होतं. एकदा जॅक लावून गाडी वर घेताना जितेंद्रच्या डोक्यात आलं, हा जॅक म्हणजे नेमका कोण? मोबाइलवर शोधलं आणि गडी नादालाच लागला. गिऱ्हाईक चहा पीत बसायचं आणि हा गाडीखालून जॅकची वंशावळ सांगायचा. सवत आणली असती तरी तिचं नाव इतक्या वेळा ऐकावं लागलं नसतं, असं त्याची बायको शालिनी म्हणे. तिनेच परस्पर मराठी मंडळात त्याचं भाषण ठरवून टाकलं.

पहिल्या रांगेत शहाऐंशी वर्षांचे काशिनाथराव काठीवर हनुवटी टेकून बसले होते. बाकीचे हसले तरी चाललं असतं. बाबांनी मान फिरवू नये, एवढंच जितेंद्रला हवं होतं.

त्याने सुरुवात केली. जॅक हे जॉनचं लाडकं नाव, आपल्याकडच्या गण्या-बाळ्यासारखं. मग कुठलाही साधा पोरगा जॅक, घरगडीही जॅक. पुढे गड्याचं काम करणाऱ्या अवजारांनाही तेच नाव चिकटलं. पायातून बूट ओढणारा जॅक, मांस भाजताना सळई फिरवणारा जॅक, गाडी उचलणारा तर आपला रोजचाच. पत्त्यांतला जॅकही नोकरच.

"आपण त्याला गुलाम म्हणतो. आणि तीनशेचार हा पत्त्यांचा डाव खेळताना तो राजालाही मारतो," जितेंद्र म्हणाला.

टाळ्या पडल्या. बाबा हलले नाहीत.

प्रश्नांच्या वेळी मात्र पहिली काठी वर झाली ती त्यांचीच.

"फणसाला जॅकफ्रूट म्हणतात," काशिनाथराव म्हणाले. "मग फणस कुणाचा नोकर?"

जितेंद्र त्यांच्याच उत्तराची वाट पाहत राहिला. बाबा प्रश्न विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे, ही जन्माची सवय. पण या खेपेला ते उत्तरासाठी त्याच्याकडेच पाहत होते. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"तो जॅक वेगळा, बाबा. मल्याळममध्ये फणसाला चक्का म्हणतात. पोर्तुगीजांनी तो शब्द घेतला, त्यांच्याकडून इंग्रजांकडे गेला."

काशिनाथरावांनी खिशातून पेन काढलं आणि निमंत्रणपत्रिका उलटी केली.

"सावकाश सांग," ते म्हणाले. "लिहून घेतोय."