वहिनीची बिनटाक्यांची शिवण

सुईचा एवढा दुस्वास करणारी बाई अख्ख्या नागपुरात माझ्या थोरल्या वहिनीशिवाय दुसरी नसेल, आणि लग्न होऊन ती आली ती नेमकी शिवणकामावर जगणाऱ्या आमच्या घरात. इतवारीत आमचं दुकान. खाली माझी मशीन, माडीवर तिची. तिच्या मशीनला सुई नाही, दोरा नाही. सुईच्या जागी पोलादी चाक, आणि त्याखाली आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजाची अशी थरथर उठते की नायलॉनचे दोन पदर वितळून एकजीव होतात. कापायचं चाक लावलं की कापतानाच कडा बंद, दशी म्हणून निघत नाही. माणसांना न ऐकू येणारा तो आवाज कुत्र्यांना मात्र ऐकू जात असावा, कारण मशीन आली त्या आठवड्यात आमच्या गल्लीतली कुत्री शेजारच्या गल्लीत राहायला गेली.

वितळण्यासारखं काही दिसलं की वहिनीला राहवत नसे. पडदे झाले, पिशव्या झाल्या, छत्र्या झाल्या. दादाच्या पॉलिएस्टर पँटचे खिसे फाटू नयेत म्हणून तिनं ते कायमचे बंद केले, तेव्हापासून दादा फक्त सुती घालतो. सुती कापडापुढे ही मशीन हरते. "सुती लय आडमुठं," वहिनी म्हणायची, "जळन, पण जुळनार नाही." शिवाय भेटेल त्याची शिवण ओढून पाहायची तिला खोड. एका लग्नात नवरदेवाला आशीर्वाद देता देता तिनं त्याची बाही ओढली, ती हातात आली. "वरातीत सुटली असती त्यापेक्षा बरं," एवढंच म्हणाली. माझ्या शर्टाचा खांदा तर ती रोज सकाळी ओढायची आणि "टिकून राहिला ना, भाऊजी?" म्हणत जिना चढायची.

तिचं माहेर रामटेकजवळचं. तिकडे रोवणीच्या बाया दिवसभर वाकून भात लावतात. पावसाचा सगळा मारा पाठीवर, आणि रेनकोटची शिवण नेमकी पाठीच्या मधोमध. टाक्यांच्या भोकांतून पाणी आत. त्यांच्यासाठी बिनटाक्यांचे रेनकोट करायचे, असं वहिनीनं ठरवलं. नागपूरचा अख्खा उन्हाळा तिनं पत्र्याखालच्या त्या माडीवर काढला आणि गठ्ठे बांधून पोचवायला माझ्याकडे दिले.

मी कमी बोलणारा माणूस, पण आता सांगतो. मला तिच्या जोडांचा भरवसा वाटेना. माहेरच्या बायांपुढे तिची फजिती नको म्हणून मी गठ्ठे सोडले आणि प्रत्येक पाठीच्या जोडावर गुपचूप माझ्या मशीनची एक टीप मारली. काळजी होती हे खरं. सुईवाल्याचा अहंकारही होता, हेही खरं.

रोवणी लागली आणि फोन आला, पाठी ओल्या होतात. वहिनी घरातला नमुन्याचा रेनकोट घालून नळाखाली वाकून बसली, पाठ कोरडी. "इथं गळत नाही, मंग तिकडंच काहून गळून राहिलं?" तिनं चाकाचा दाब बदलला, वेग बदलला, पुन्हा नळाखाली बसली. दादा म्हणाला, विकून टाक ती मशीन. ती हटली नाही. हे सगळं माझ्या डोक्यावर माडीत चाललेलं, आणि मी खाली मान घालून पायजमे शिवतोय. शेवटी तिनं सांगितलं, "उद्या रामटेकले जातो. मशीन खोटी असन तर विकतो, पण आधी डोळ्यानं पाहतो." मी सोबत निघालो. बसनं कामठी मागे टाकल्यावर एकदाचं बोललो.

वहिनी म्हणाली, "तुम्ही सुती निघाले, भाऊजी. आतल्या आत जळले, पण बोलले नाही."

बायांना तिनं चूक आमच्या घरची आहे एवढंच सांगितलं. कोणाची ते सांगितलं नाही, म्हणून इथं मी सांगितलं. रेनकोट परत आणून तिनं भोकांची पट्टी कापून काढली आणि कडा पुन्हा जोडल्या. कोट दोन बोटं तंग झाले, पण रोवणी संपायच्या आत पाठी कोरड्या झाल्या.

माडीवर मशीन चालू आहे, कुत्री अजून परतलेली नाहीत. वहिनी गिऱ्हाइकांची शिवण ओढते, पोस्टमनचीही ओढते. माझ्या शर्टाला मात्र तिनं त्या बसप्रवासानंतर हात लावलेला नाही. सकाळी तिची पावलं वाजली की मी काम सोडून जिन्याशी जाऊन उभा राहतो, खांदा थोडा पुढे करून.