प्रार्थनेचा दुसरा अर्धा

त्या संध्याकाळी अंधेरीच्या आमच्या घरी रोझरी होती... सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. ऑक्टोबर महिना, म्हणजे मरियामातेची मूर्ती आमच्या गावठाणात घरोघर फिरायची. आज एका घरी, उद्या शेजारी... आणि त्या दिवशी आमची पाळी होती.

सकाळपासून मी चणे उकडत होते, शेजारून खुर्च्या मागून आणत होते. आणि मनात एक गोष्ट पक्की होती, की रोझरी पुढे बसून मीच म्हणणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रोझरी म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना. तीत 'आमच्या बापा' ही प्रार्थना पाच वेळा येते आणि ती दोन तुकड्यांत म्हणतात. पुढे बसलेलं माणूस पहिली अर्धी म्हणतं, बाकीचे उरलेली अर्धी... आणि आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, हे मागणं त्या उरलेल्या अर्ध्यात येतं.

म्हणून तीन वर्षं मी कुणाच्याही घरी गेले तरी आधी जाऊन पुढची जागा पकडायचे. म्हणजे ते वाक्य माझ्या वाट्याला यायचं नाही. बायका म्हणायच्या, काय भक्ती आहे गं या पोरीची... मी आपली मान खाली घालून मणी मोजायचे.

चर्चमध्ये मात्र पंचाईत होती. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, लॅटिनमध्ये होती तोवर बरं होतं, अर्थ आमच्यापर्यंत पोचायचाच नाही. मराठीत सुरू झाली आणि माझी वाट लागली... दर रविवारी त्या वाक्याला मी ओठ मिटून उभी राहायचे. बाजूला सासूबाई असायच्या, पण त्यांचं लक्ष नसेल असं मी धरून चालले होते.

राग होता माझ्या मोठ्या बहिणीवर. आम्ही तिला बाय म्हणायचो. ती मालाडला आईजवळ राहायची. मला नववा महिना लागला तेव्हा आई आजारी पडली आणि चार दिवसांत गेली. बायने मला कळवलंच नाही. मूल झालं, मी घरी आले, मग सांगितलं... तोवर आईची माती होऊन आठ दिवस झाले होते.

अंधेरीपासून मालाड तिसरं स्टेशन. आणि मला आईचं तोंड बघता आलं नाही.

मी बायशी बोलणं तोडलं. बाळाच्या बाप्तिस्म्याला ती आली तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन बसले. पण खरं सांगू... रोज दुपारी बाळ झोपलं की आईची आठवण यायची, जीव कासावीस व्हायचा. आईबद्दल बोलायला जगात मला एकच माणूस होतं आणि त्याच्याशीच मी बोलत नव्हते.

तर त्या संध्याकाळी घर भरलं. मूर्तीपुढे मेणबत्त्या लावून मी माझ्या जागेकडे वळले, तर दारात बाय. सासूबाईंनी तिला निरोप पाठवून बोलावलं होतं. मला पत्ता नाही.

मी काही म्हणायच्या आत त्यांनी जपमाळ बायच्या हातात ठेवली. "पाहुणी आहे, वयाने मोठी आहे. आज ही पुढे बसेल." मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तू ये इथे माझ्याजवळ. रविवारी उभी असतेस तशी."

म्हणजे तीन वर्षं त्यांना सगळं ठाऊक होतं.

बायने सुरुवात केली. पहिल्या वेळी मी ओठ मिटले. दुसऱ्या वेळीही... पण हळूहळू माझं लक्ष तिच्या आवाजाकडे गेलं. शेवटचा शब्द जरा लांबवायचा आणि मग श्वास घ्यायचा, अगदी आईसारखं. मे महिन्यात मालाडला क्रुसापुढे आई अशीच म्हणायची आणि आम्ही दोघी तिच्या मागे बसून उत्तर द्यायचो. ते परत कधी कानावर पडेल असं मला वाटलं नव्हतं. डोळे मिटले तर आईच पुढे बसलेली...

मी मनात येशूला म्हटलं, माझ्याने ही क्षमा होत नाही. मला बाय हवी आहे आणि राग सुटत नाही, तूच काय ते कर. तीन वर्षांत एवढं खरं मी त्याच्याशी बोलले नव्हते.

पाचव्या वेळी बाय तिचा अर्धा भाग म्हणून थांबली आणि मी तोंड उघडलं. आवाज चिरकला, शब्द मागेपुढे झाले, पण ते वाक्य म्हटलं. बायने वळून पाहिलं. त्यानंतरची 'नमो मरिये' ही प्रार्थना सुरू करायला तिला बराच वेळ लागला.

चणे वाटून झाले, लोक गेले. आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसलो. मी विचारलं, "आईने माझी वाट बघितली का गं?" तीन वर्षं मला हेच विचारायचं होतं.

"बघितली," बाय म्हणाली. "दाराकडे तोंड करून निजव म्हणाली." मग म्हणाली, "तुझे दिवस भरलेले. धक्क्याने तुला काही झालं असतं तर? दोघींना एकदम घालवायची भीती वाटली मला. चुकलं असेल माझं."

आईने वाट बघितली नाही असं ती खोटं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं, पण मग आम्ही दोघी अशा रडलो नसतो. आईचं तोंड बघायचं राहिलं ते राहिलंच, त्याची हुरहुर आजही आहे... पण त्या दिवसापासून ती हुरहुर सांगायला मला माझी बहीण होती.

दुसऱ्या दिवशी मूर्ती शेजारच्या घरी पोचवायची होती. ती आम्ही दोघींनी मिळून नेली.

आता बायही नाही. सासूबाई तर कधीच गेल्या, त्यांचे आभार मानायचे राहून गेले, म्हणून इथे मानते. ऑक्टोबरात मूर्ती अजून येते, आता लिफ्टने येते. सगळे म्हणतात, आजी, तुम्ही मोठ्या, तुम्ही पुढे बसा... मी नातीला पुढे बसवते आणि मागे जाऊन बसते. मला माझा अर्धा भाग म्हणायचा असतो.