वीस लिटरची बादली

दुष्काळाच्या त्या वर्षांत आमच्या वसाहतीत इमारती वाढत होत्या आणि नळाचं पाणी लांबत होतं. आठवड्यातून एकदा यायचं, तेही पाऊण तास. प्रत्येक खेपेला किती बादल्या भरल्या ते मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवायचो.

सातवीतल्या माझ्या मुलीच्या बाईंनी तेव्हा वर्गाचा ब्लॉग सुरू केला. नियम दोनच. लिहाल ते खात्री केलेलं असावं, आणि खाली कुणी प्रश्न विचारला तर दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत उत्तर द्यावं, नाहीतर लेख काढून टाकणार. मुलीचा पहिलाच लेख माझ्या कॅलेंडरवरून लिहिलेला: 'आमच्याकडे पाणी आलं की चाळीस बादल्या भरतात, म्हणजे आठशे लिटर.' मी तो ऑफिसात चौघांना वाचून दाखवला. पाचवा निसटला.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मुलगी शाळेतून रडवेली होऊन आली. लेखाखाली तिच्या वर्गातल्या, घरी शेळ्या असलेल्या एका मुलीनं विचारलं होतं, 'तुमची बादली मोजली का? आमची पण वीसची म्हणून आणली, पण तेवढं बसत नाय. शेळ्यांना पाजताना मी मापानं मोजलंय.'

"बाबा, मोजली होती ना?"

"गुलमंडीतल्या दुकानदारानं वीसची म्हणूनच दिली होती."

"म्हणजे खात्री दुकानदाराची. तुमची नाही!"

बायको भाजी निवडत होती. "लग्नाआधी माझ्या जन्माचा दाखला मागणारा माणूस," ती म्हणाली, "आणि बादली नुसती ऐकून घेतली?"

घरात मोजण्याइतकं पाणी उरलं नव्हतं. साडेपाचला नळ आला. चौदा बादल्या टाकीत ओतल्यावर दुधाचं लिटरचं माप घेतलं आणि पंधरावी बादली मापानं टबात रिकामी करायला बसलो. माझे झाले सतरा, मुलीचे सोळा. पाणी परत बादलीत ओतून पुन्हा सुरुवात. नवव्या मापाला शेजारच्या वहिनी दारातून ओरडल्या, "भाऊजी, रतीब घालताय का पाण्याचा?" बायकोसकट तिघंही हसलो आणि आकडा गेला. तिसऱ्यांदा तिघांनी कवायतीसारखं मोठ्यानं मोजलं. सोळा! मुलगी नाचायलाच लागली.

पाणी वाया जाऊ नये म्हणून मोजताना मी नळ बंद ठेवला होता. आता उघडला, तर नुसती हवा.

मी बायकोकडे बघायचं टाळलं. पण ती हसता हसता रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर बसली आणि मुलगी तिच्या मांडीवर कोसळली. मग मलाही आवरेना.

मुलीनं उत्तर लिहिलं: 'आमची बादली सोळाची निघाली. चाळीस बादल्या म्हणजे सहाशे चाळीस लिटर. आज मात्र पंधराच भरल्या, दोनशे चाळीस लिटर, कारण बाबा मोजत होते.'

सकाळी शाळेत निघण्यापूर्वी तिनं ब्लॉग उघडला. लेख जागेवर होता. खाली त्या मुलीनं लिहिलं होतं, 'आता बरोबर. आज आमच्याकडं टँकर येणारय. काकांना म्हणावं दोन हंडे घेऊन या. पण मोजून आणा.'

एक अकरा लिटरचा निघाला, दुसरा साडेदहाचा. मोजले मुलीनं. बायकोनं मला मापाला हात लावू दिला नाही.