गाडी डावीकडे ओढते

आमच्या मामंजींनी दसऱ्याला गाडीला चारही नवे टायर घातले आणि घरात तंटा सुरू झाला. मामंजी म्हणजे माझे सासरे. ठाण्याच्या कोर्टात उभी हयात वकिली केलेले आणि निवृत्त झाल्यावरही घरातल्या प्रत्येक गोष्टीत उलटतपासणी घेणारे. भाजीत मीठ जास्त झालं तर ते कधी झालं, कोणी टाकलं आणि टाकताना लक्ष कुठे होतं, हे विचारल्याशिवाय त्यांचा घास खाली उतरत नसे. मला सुरुवातीला राग यायचा. मग मीही उलट प्रश्न विचारायला शिकले आणि आमची गट्टी जमली.

गाडी लहानशी, काळी, विलायती. देश सोडून निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी ती घेतली होती. स्वातंत्र्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती आणि ठाण्याच्या नौपाड्यात मोटारी अशा किती असणार! आमची गाडी गल्लीत शिरली की लोक दारात येऊन उभे राहायचे. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. त्यामुळे घरात आम्ही तिघंच, मामंजी, हे आणि मी. मामंजींची जी काही हौसमौज होती ती सगळी त्या गाडीत होती. सकाळी पूजा आटोपली की ते जुनं धोतर घेऊन गाडी पुसायला जायचे. देवांना इतकं घासूनपुसून ठेवलेलं मी कधी पाहिलं नाही.

दर रविवारी ते गाडी काढून कल्याणला जायचे. तिथे त्यांची थोरली बहीण राहायची, म्हणजे ह्यांच्या आत्याबाई. ऐन तारुण्यात नवरा गेलेला, मूलबाळ नाही, आणि आता गुडघे असे धरलेले की स्टेशनचा जिना तर सोडाच, देवळाची पायरीही चढवत नव्हती. मामंजी त्यांना गाडीत घालून दुर्गाडीकडे खाडीचा वारा खायला न्यायचे, एखाद्या वेळी आंबिवलीपर्यंत शेतं दाखवून आणायचे. आठवडाभरात आत्याबाईंचं घराबाहेर पडणं ते तेवढंच. गाडी बंद झाली तर आत्याबाईंना खिडकीतून जेवढं दिसतं तेवढंच जग उरणार, हे मामंजींना ठाऊक होतं. आम्हालाही होतं.

तर टायर घातले, नारळ फोडला, झेंडूची माळ घातली आणि दुसऱ्याच रविवारी कल्याणहून येऊन मामंजी म्हणाले, "गाडी डावीकडे ओढते."

"टायरवाला म्हणाला होता की नवे टायर घातले की चाकं जुळवून घ्या," मी म्हणाले.

"टायरवाला तसं म्हणणारच. प्रश्न असा आहे की गरज आहे का?"

ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि जे बोलू नये ते बोलून टाकलं. "बाबा, गाडी ओढत नाही. तुमचा हात ओढतो."

त्यामागे कारण होतं. श्रावणात एकदा जेवताना मामंजींच्या उजव्या हातातून घास खाली पडला होता. अर्धा दिवस बोटांना मुंग्या आल्या होत्या. डॉक्टरांनी जपायला सांगितलं. महिन्याभरात हात पुन्हा पहिल्यासारखा झाला, असं मामंजी म्हणायचे. ह्यांना ते पटत नव्हतं. उजव्या हाताची पकड सैल पडली की डाव्या हाताच्या भाराने स्टिअरिंग डावीकडे कलतं, असं ह्यांचं म्हणणं. गाडीचं दार कसं उघडतात हेही ज्यांना धड ठाऊक नव्हतं, त्यांनी हे सांगावं याचा मला संताप आला. आमच्या ह्यांना गाडी शिकायची इच्छाच नव्हती. लोकल आणि पुस्तक एवढं मिळालं की त्यांचं भागायचं.

मामंजींनी मात्र आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "ठीक. आरोपी दोन आहेत, गाडी आणि मी. गाडी दोषी निघाली तर चाकं जुळवून घेऊ आणि तू पुन्हा हा विषय काढायचा नाहीस. मी दोषी निघालो तर गाडी विकायची. कबूल?"

हे म्हणाले, "कबूल." मला त्या क्षणी दोघांनाही चांगलं सुनवावंसं वाटलं. आत्याबाईंना कोणी विचारलं होतं?

मग साक्षीपुरावे सुरू झाले. पहिला साक्षीदार स्टेशनजवळचा गॅरेजवाला. त्याने पुढच्या चाकांना सुतळी ताणून, खडूच्या खुणा करून मोजलं आणि सांगितलं, "काका, चाकं एकदम सरळ आहेत. जुने टायर बघा ना, दोन्ही कडांना सारखे झिजलेत. चाकं वाकडी असती तर एकच कड खाल्ली असती. कशाला उगाच अलाइनमेंट करताय?" त्याने आग्रा रोडवर गाडी फिरवूनही दाखवली. सरळ गेली.

मामंजी घरी येऊन म्हणाले, "त्याची साक्ष ग्राह्य नाही. मनगटं बघितलीस का त्याची? त्याच्या हातात रणगाडा दिला तरी सरळ जाईल."

दुसरे साक्षीदार शेजारचे निवृत्त ओव्हरसिअर. रस्ते बांधण्यात जन्म गेलेला. त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. "अहो वकीलसाहेब, पाणी वाहून जावं म्हणून आपण रस्ता मध्ये फुगीर आणि कडेला उतरता करतो. तुम्ही डाव्या बाजूने जाणार, म्हणजे गाडी डावीकडे उतरणारच. आमच्या रस्त्यावर तुमच्या गाडीची परीक्षा होणार नाही. सपाट जमीन शोधा."

हे ऐकून मामंजी इतके खूश झाले की त्यांनी मला तिसऱ्यांदा चहा टाकायला लावला. रस्ता हा तिसरा आरोपी मिळाला होता! त्यानंतर नौपाड्यात जो भेटेल त्याला ते रस्त्याचा उतार समजावून सांगत. खरं म्हणजे त्याच रस्त्यावरून ते गेली काही वर्षं गाडी चालवत होते आणि ती कधी ओढली नव्हती. पण हा मुद्दा मी काढला नाही. काढायला हवा होता असंही मला वाटत नाही.

सपाट जमीन त्यांनीच शोधली. कल्याणच्या पुढे नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात सरकारने विमानं उतरायला धावपट्टी बांधली होती. लढाई संपली, विमानं गेली आणि पट्टी तशीच पडून राहिली, लांबलचक, रुंद, पाटासारखी सपाट. दिवाळी झाल्यावरच्या रविवारी मामंजी मला म्हणाले, "आज तूही चल. गाडी तू चालवायचीस."

"मी?"

"हलका हात हवा. तू पुरणपोळी न फाटता उलटतेस. तोच हात हवा. गाडीला मोकळं सोडलं की ती कुठे जाते ते तुझ्या हाताला कळेल."

हे दारात उभे होते. म्हणाले, "बाबा, तिला काय येतंय?" झालं. ते तसं म्हणाले नसते तर कदाचित मीच नाही म्हटलं असतं.

धावपट्टीवर पोचलो तर अर्ध्या पट्टीवर भात वाळत घातलेलं. आसपासच्या गावातल्या बायका पायांनी भातात रेघा ओढत फिरत होत्या. एवढं मोठं आयतं अंगण कोण सोडेल? त्यातली एक म्हातारी पुढे आली. मला चालकाच्या जागेवर बसताना बघून तिने कपाळाला हात लावला. "गो बाय, तू चालवतंस? मग त्या तिकरं जा. इकरं आमचं भात हाय वालत." आणि तिने बाकीच्या बायकांना हाका मारून कडेला उभं केलं. मामंजींना ते अपमानास्पद वाटलं. मला अगदी योग्य वाटलं.

मोकळ्या अर्ध्या पट्टीवर मामंजींनी मला क्लच, ब्रेक, गिअर सगळं शिकवलं. मी पदर खोचला, चपला काढून ठेवल्या आणि अनवाणी पायांनी पेडलं दाबली. गाडी आचके देत बंद पडायची आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मामंजी एकदाही ओरडले नाहीत. कोर्टात समोरच्या वकिलाला घाम फोडणारा हा माणूस माझ्याशी इतक्या सबुरीने वागत होता की मलाच शरम वाटली. तासाभराने गाडी माझं ऐकायला लागली.

"आता," ते म्हणाले, "वेग धर. सरळ धर. आणि हात सैल सोड."

मी हात सैल सोडले. स्टिअरिंग माझ्या बोटांत नुसतं टेकलेलं होतं. गाडी सरळ चालली होती. ओढ नाही, कल नाही, काही नाही. म्हणजे गाडी सुटली आणि मामंजी अडकले.

शेजारी मामंजी श्वास रोखून बसले होते. एवढा ताठ माणूस, पण त्या क्षणी निकालाची वाट बघणाऱ्या अशिलासारखा दिसत होता. माझ्या डोळ्यांपुढे आत्याबाई आल्या. रविवारी दुपारपासून लुगडं बदलून, खिडकीत बसून रस्त्याकडे बघत राहणाऱ्या. मी फार विचार केला नाही. बोटांनी स्टिअरिंग अगदी हळूच डावीकडे वळवलं. गाडी डावीकडे सरकली.

"ओढते, मामंजी," मी म्हणाले. "चांगलीच ओढते. चाकं जुळवायलाच हवीत."

मी चोरून बघितलं तर ते समोर बघतच नव्हते. ते माझ्या हातांकडे बघत होते.

"परत फिरव," ते म्हणाले. मी पट्टीच्या टोकाला गाडी कशीबशी वळवली. "आता वेग धर. धरलास? आता दोन्ही हात मांडीवर ठेव."

"मामंजी, पण..."

"ठेव म्हणतो ना."

मी हात मांडीवर ठेवले. गाडीला कोणाचाही हात नव्हता आणि ती सरळ जात होती. भाताच्या बाजूलाही नाही, गवताच्या बाजूलाही नाही. आम्ही दोघं समोर बघत राहिलो. भात जवळ आलं तसे ते म्हणाले, "ब्रेक."

गाडी थांबली. मामंजींनी उजवा हात गुडघ्यावर ठेवला, मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मला रडू फुटलं. मी त्यांची सून, त्यांच्यापुढे असं रडायची रीत नव्हती, पण मला काही केल्या थांबवेना.

"रडतेस काय?" ते म्हणाले. "चाकं चांगली निघाली. टायर वाया गेले नाहीत." आणि मग, "खोटी साक्ष मात्र चांगली देतेस. मी वकील नसतो तर फसलो असतो."

त्या दिवशी कल्याणपर्यंत आणि तिथून ठाण्यापर्यंत त्यांनीच गाडी चालवली, अगदी सावकाश. घरी आल्यावर हात-पाय धुऊन ते ह्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "तू म्हणालास तेच खरं. हात ओढतो."

हे जिंकले होते. पण जिंकलेल्या माणसाचं तोंड इतकं पडलेलं मी कधी पाहिलं नाही. "विकायलाच हवी असं काही नाही, बाबा," ते पुटपुटले. "मी रागात बोललो."

"शब्द दिलाय," मामंजी म्हणाले.

तेव्हा मी मध्ये पडले. अशा वेळी सुनेने मध्ये पडायचं नसतं, पण मला दोघांचाही कंटाळा आला होता. "निकाल नीट वाचा की," मी म्हणाले. "गाडी निर्दोष सुटली. मग शिक्षा तिला का? मला लायसन मिळेपर्यंत थांबा. गाडी मी चालवीन."

हे हसले. मी म्हटलं, "हसायला काय झालं?" मग ते हसायचे थांबले. मामंजी म्हणाले, "अपील मंजूर."

मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीवर शिकून लायसन मिळवायला मला बरेच दिवस लागले. तोवर गाडी दारात झाकून उभी होती आणि रविवारी मामंजी लोकलने एकटेच बहिणीला भेटून येत. नेवाळीच्या त्या दिवसानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. मग एका रविवारी मी गाडी काढली. मुंब्र्याच्या डोंगराखालून, शीळफाट्यावरून कल्याणला पोचेपर्यंत माझ्या पाठीला घामाची धार लागली होती. मामंजी शेजारी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. मला वाटलं, त्यांना अवघड जात असणार. जात होतंच.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मला स्टिअरिंगवर पाहिलं, भावाला शेजारी पाहिलं. त्यांना हाताचं कोणी सांगितलं नव्हतं. पण थोरल्या बहिणीला सांगावं लागतं असं थोडंच आहे? त्या नेहमीसारख्या काठी टेकत येऊन मागच्या सीटवर बसल्या. विधवा बाईने पुढे बसणं बरं दिसत नाही, हा त्यांचा नेम. मी गाडी सुरू करणार तोच मामंजी पुढचं दार उघडून खाली उतरले आणि मागे जाऊन त्यांच्या शेजारी बसले.

दुर्गाडीच्या रस्त्याला लागलो. मागून आत्याबाईंचा आवाज आला.

"इतकी वर्षं तू मला फिरवलंस रे, पण मला नुसती तुझी मान दिसायची. आज तुझं तोंड दिसतंय."