तिसऱ्या टेपवरचा गोब्रा

आमच्या घरात मासा मोजायची एकच पद्धत होती, ती म्हणजे तो किती तुकड्यांचा पडेल. कांदिवलीच्या बाजारात आई कोळीणमावशीच्या पाटीसमोर उभी राहायची, सुरमईकडे एकदा बघायची आणि म्हणायची, "सात." घरी आणून कापली की सातच तुकडे पडायचे. आई ऑफिसात जाणाऱ्यांना मासळीचे डबे देते, त्यामुळे तिचा अंदाज चुकून चालत नाही. मीही दहा वर्षांची असल्यापासून तिच्या शेजारी बसून खवले काढत, कल्ले ओढत आणि पर छाटत आले, आणि माझाही डोळा हळूहळू तसाच तयार झाला. पण डॉक्टरांच्या दवाखान्यातली काचेची पेटी सोडली, तर एकविसाव्या वर्षापर्यंत मी जिवंत मासा असा पाहिलाच नव्हता.

प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला कॉलेजने मालदीवच्या एका बेटावर अभ्याससहल काढली. दहा दिवस, बेटांचं पर्यावरण आणि सागरी जीवशास्त्र. माझं नाव यादीत लागलं आणि घरात दोन दिवस त्यावर काथ्याकूट झाला. बाबा एका औषध कंपनीच्या गोदामात काम करतात. त्यांच्या ओळखीतल्या एका गृहस्थांची बोरिवली स्टेशनजवळ रक्त तपासायची लॅब आहे. तिथे मला नोकरी तयार होती, सोबत लॅबचा डिप्लोमा करायचा, घरापासून वीस मिनिटांवर सगळं. आणि मला समुद्रावर एमएस्सी करायची होती, त्यातून पुढे काय मिळतं हे मलाही नीट सांगता येत नव्हतं.

शेवटी बाबांनी तोडगा काढला. "जाऊन ये. तिथे शिकवणाऱ्या मॅडमनी लिहून दिलं की ही या कामाची आहे, तर कर तुझं एमएस्सी. नाही दिलं तर गुपचूप लॅब जॉइन करायची. लॅबवाले तू येईपर्यंत थांबतील, त्याच्यापुढे नाही."

मी हो म्हटलं. त्या वेळी मला स्वतःवर फारच विश्वास होता, आणि पोहता तर येतही नव्हतं.

आम्ही मूळचे मालवणकडचे, पण आजोबा गिरणीत कामाला मुंबईत आले तेव्हापासून आमचा समुद्राशी संबंध जेवणापुरताच राहिला. मग मी तीन महिने महापालिकेच्या तरणतलावावर गेले. माझ्या बॅचला सगळी पहिली-दुसरीतली पोरं होती. ती टणाटण उड्या मारायची आणि मी कठड्याला घोरपडीसारखी चिकटलेली. एक चिमुरडी रोज मला विचारायची, "ताई, आज सोडणार का?" तिसऱ्या महिन्यात एकदाचा सोडला मी तो कठडा.

बेट इतकं लहान होतं की अख्खं फिरून यायला पाव तासही लागला नाही. एका टोकाला संशोधन केंद्र होतं, आणि तिथल्या मुख्य मॅडम आम्हाला शिकवणार होत्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. पहिल्याच सकाळी त्यांनी मूठभर पांढरी वाळू माझ्या हातात दिली आणि इंग्रजीत विचारलं, "ही कुठून आली?"

"खडक झिजून," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, इथे खडक नाहीतच. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो, त्यातलं खाण्यासारखं असेल ते पोटात ठेवतो आणि उरलेली पूड मागून टाकून देतो. लाटा ती पूड आणून आणून साठवतात. तुम्ही उभे आहात त्या किनाऱ्याची बरीचशी वाळू अशी झालेली आहे.

माझी मुलुंडची मैत्रीण कानाशी पुटपुटली, "म्हणजे आपण माशांच्या संडासात उभे आहोत, यार." सगळे हसले, मीही हसले. पण दुपारी मास्क आणि श्वासाची नळी लावून उथळ पाण्यात तोंड बुडवलं आणि तो आवाज ऐकू आला. करकर, करकर, कुणी जवळच बसून कडक चकली खात असावं तसा. निळेहिरवे मासे प्रवाळाला चावे घेत होते, आणि त्यांच्या मागून पांढऱ्या धुराची रेघ निघून खाली बसत होती. माझ्या डोळ्यांसमोर जमीन तयार होत होती. अंगावर सर्रकन काटा आला. जी माणसं त्या बेटावर जन्मतात आणि तिथेच पुरली जातात, त्यांची सगळी भूमी या तोंडांतून आलेली होती. मी इतका वेळ पालथी तरंगत राहिले की पाठ भाजून निघाली आणि पुढचे तीन दिवस मला उताणं झोपता आलं नाही.

सहलीतलं खरं काम शेवटी होतं. बेटाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे प्रवाळाची भिंत संपून एकदम खोल समुद्र सुरू होतो, तिथे माशांची मोजणी करायची. चौदा जणांतून चौघांनाच नेणार, आणि ज्यांची मोजणी केंद्राच्या नोंदीत जाईल त्यांनाच मॅडम पत्र देणार. निवड चाचणीवर होती. पाण्यातून जाताजाता माशाची लांबी अचूक सांगता आली पाहिजे, कारण पळत्या माशाला कोणी फूटपट्टी लावू शकत नाही.

चाचणीसाठी मॅडमकडे लाकडी मासे होते, लहानमोठे, रंग उडालेले. आधी ते किनाऱ्यावर मांडून ठेवले. आम्ही लांबून बघून लांबी लिहायची. मनातल्या मनात मी म्हटलं, हे तर आपल्या हातचं काम आहे. भराभर लिहून सगळ्यांच्या आधी कागद दिला.

मॅडमनी तपासला आणि माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. बाकीच्यांचे आकडे काही कमी, काही जास्त असे होते. माझे सगळेच्या सगळे कमी, आणि मासा जेवढा मोठा तेवढी चूक मोठी. "तू नक्की काय मोजलंस?" त्यांनी विचारलं. मी परत त्या लाकडी माशांकडे बघितलं आणि माझी ट्यूब पेटली. मी शेपट्या धरल्याच नव्हत्या. आमच्याकडे मासा ओट्यावर आला की आधी शेपटी उडते, मग तो किती मोठा याचा विचार. मॅडमच्या शास्त्रात मासा नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत होता, माझा शेपटी सुरू व्हायच्या आत संपत होता.

"हिच्या घरचे सगळे मासे बांडे," मैत्रीण म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तोंड उघडणं भाग होतं. मी मॅडमना आईच्या डब्यांबद्दल सांगितलं, तुकड्यांबद्दल सांगितलं, हाताने छाटूनही दाखवलं. त्या पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. मग म्हणाल्या, "सगळीकडे सारखीच चूक करणारा डोळा चांगला असतो. उद्या पाण्यात परत दे. शेपटीसकट."

पाण्यात सगळंच मोठं दिसतं, त्यामुळे तिथे बाकीच्यांची वाट लागली. मी आदल्या संध्याकाळी स्वतःचाच हात पाण्यात धरून बघत बसले होते, किती फुगतो ते. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराबाहेरच्या फळ्यावर चार नावं लागली. माझं तिसरं होतं, मैत्रिणीचं पहिलं. मी आईला मेसेज केला, "झालं." आईने उलट विचारलं, "जेवलीस?"

मोजणी रविवारी सकाळी होती, सहलीच्या शेवटच्या दिवशी. भिंतीच्या कडेने पाण्याखाली पन्नास-पन्नास मीटरच्या टेप अंथरलेल्या. प्रत्येकाने तीन टेपवरून हळूहळू पोहत जायचं आणि हातातल्या प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलने जात नि लांबी लिहायची. तिन्ही टेप मिळून एक नोंद. डाव्या हाताला प्रवाळ, उजव्या हाताला काहीच नाही. नुसता निळा रंग, खाली खाली काळा होत गेलेला. तरणतलावाचा कठडा मला त्या क्षणी फार आठवला. पण पहिली टेप नीट झाली, दुसरी तर झकास झाली. पाटी भरत आली.

तिसऱ्या टेपच्या मध्यावर, प्रवाळाच्या एका कोनाड्यात, तो होता. गोब्रा.

गोब्रा मी शंभर वेळा तरी पाहिला असेल. बर्फावर पडलेला, राखाडी, डोळे पांढरे झालेले. त्याचं डोकं फोडून आई तिखलं करते. त्याचे कल्ले मी बोटाने उचलून बघायचे, आत लाल असेल तर ताजा, तपकिरी असेल तर "मावशी, हा परवाचा आहे." हा माझ्या कमरेपर्यंत येईल एवढा होता, आणि पाण्यात जागच्या जागी तरंगत होता, तोंड उघडं टाकून. आधी वाटलं, मरतोय. मग त्याच्या तोंडातून बोटाएवढा निळा मासा बाहेर आला, अंगावर काळी रेघ असलेला. तो गालावरून फिरला, टोचा मारला, परत आत गेला. गोब्र्याने आपले कल्ले स्वतःहून उघडून धरले. आत लालभडक रंग हलत होता, मिटत होता, उमलत होता. दुसरा निळा मासा त्या लालीत शिरला आणि तोंडातून बाहेर आला. हे इवले मासे त्याच्या अंगावरचे किडे खाऊन त्याला साफ करत होते. एका घासात संपतील एवढे ते, आणि तो त्यांच्यासाठी श्वासही बेतानं घेत होता. मी बघत असतानाच त्याचा रंग फिकट होत गेला, पाठीवरचे ठिपके पुसट झाले. मागे आणखी तीन-चार मासे थांबलेले, आपली पाळी येईपर्यंत.

ज्या लालीवरून मी आयुष्यभर मासा मेल्याला किती वेळ झाला ते ओळखत आले, ती कशासाठी असते हे मला तेव्हा समजलं. पुस्तकातली कल्ल्यांची आकृती मी कितीदा काढली होती, नावं दिली होती, मार्क मिळवले होते. पण त्यांतून कोणी श्वास घेतं, हे मला माहीत नव्हतं. मला रडू फुटलं. मास्कमध्ये रडलं की डोळ्यांत पाणी साचून राहतं, पुसता येत नाही. तशीच बघत राहिले.

शिट्टी झाली तेव्हा डोकं पाण्याबाहेर काढलं. पाटी बघितली. तिसऱ्या टेपच्या अर्ध्यानंतर एक अक्षर नव्हतं. तेवढ्या वेळात माझ्या आजूबाजूने किती मासे गेले, कुठले गेले, मला पत्ता नव्हता.

होडीत मैत्रिणीने पाटी पाहिली. मॅडम पुढच्या टोकाला होत्या. "अगं, अंदाजाने टाक ना. पहिल्या दोन टेपवर होते तसेच. तुझा डोळा आहे, कोणाला काय कळणार?"

कळलं नसतं, हे खरं. मी पेन्सिल हातात घेतलीसुद्धा. चार ओळी लिहिल्या की पत्र हातात, आणि घरी जाऊन ताठ मानेने बोलता आलं असतं. पण ज्या माशांकडे मी बघितलंच नव्हतं त्यांची लांबी लिहायची, आणि उद्या कोणीतरी त्यावरून सांगणार की इथे इतके मासे आहेत. त्या गोब्र्याच्या शेजारी मी खोटे मासे सोडणार होते. ते मला जमेना. किनाऱ्यावर उतरल्यावर मी मॅडमकडे गेले आणि पाटी पुढे केली. "अर्धी टेप मी मोजली नाही. एका माशाकडे बघत राहिले."

त्यांनी विचारलं, कुठला. मी सांगितलं. मग पेन्सिल घेऊन त्यांनी पाटीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. "नोंद धरता येणार नाही," त्या म्हणाल्या, "आणि पत्र नोंदीसाठीच असतं." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी थँक्यू म्हणून वळले आणि शॉवरखाली जाऊन मनसोक्त रडून घेतलं.

वायफाय फक्त जेवणाच्या हॉलमध्ये होतं. दुपारी जेवणानंतर मी घरी फोन लावला. बाबा वाटच बघत होते, लॅबवाल्यांना सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

"मिळालं का पत्र?"

"नाही मिळालं."

"का?"

खोकला आला, नेटवर्क गेलं, असं काहीही करता आलं असतं. मी सांगायला सुरुवात केली. पाटी, टेप, डावीकडची भिंत, उजवीकडचा निळा. मग तो कोनाडा. बाबांनी फोन स्पीकरवर टाकला असावा, कारण मध्येच आईचा आवाज आला, "माश्याक मासो साफ करता?" मी म्हटलं, हो गं, तोंडात जाऊन. "आणि तो गिळत नाय?" नाही गिळत, थांबून राहतो. मग कल्ल्यांचं सांगितलं, लाल रंगाचं, पुसट होत गेलेल्या ठिपक्यांचं, मागे थांबलेल्यांचं. किती वेळ बोलत होते कोण जाणे. घरी मी कधी इतकं बोलत नाही. बाबांशी तर "येते" आणि "आले" एवढंच.

माझं बोलणं संपलं तेव्हा हॉल रिकामा झाला होता. फोन मध्येच कट झाला की काय, म्हणून विचारलं.

"बाबा? आहात का?"

"आहे." ते खाकरले. "मोजायला पाठवलेली ना तुला?"

"हो."

"आणि मोजायचं सोडून बघत बसलीस."

"हो."

"मग लॅबमध्ये काय करशील तू? लोकांचे रिपोर्ट राहतील बाजूला." त्यांनी आईला काहीतरी हळूच विचारलं, तिनेही हळूच काहीतरी सांगितलं, मला ऐकू आलं नाही. मग बाबा म्हणाले, "मी त्यांना नाही म्हणून कळवतो. आता परत सांग, तो निळा मासा पहिल्यांदा आत कुठून गेला?"